लाल चिठ्ठी, पिवळे कार्ड आणि १२९८



या अंकासाठी "इतिहासावर काहीतरी लिहा" असा संपादकांचा निरोप आला. मी पेशाने रसायनशास्त्रज्ञ, इतिहासकार नव्हे. त्यामुळे शिवकाल आणि पेशवाई जाणकारांवर सोपवून मी एका साध्याच गोष्टीचा इतिहास मांडते. ती गोष्ट म्हणजे ॲम्ब्युलन्सचे बिल. आजारी माणसाला दवाखान्यापर्यंत नेण्याचा खर्च कोणी सोसायचा, आणि ज्याच्याजवळ पैसे नाहीत त्याने ते कसे सिद्ध करायचे, या दोन प्रश्नांना दीडदोनशे वर्षांचा इतिहास आहे. तो महाराष्ट्रात घडला तसाच आपण आज राहतो त्या डब्लिनमध्येही घडला. दोन्हीकडच्या गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या की आपल्या मंडळापुढे सध्या असलेल्या एका प्रश्नावरही थोडा प्रकाश पडतो. त्या प्रश्नाकडे शेवटी येते.

पाठीवरून दवाखान्यात

१८९७ च्या आरंभी पुण्यात प्लेगने थैमान घातले होते. सावित्रीबाई फुले यांचे दत्तक चिरंजीव डॉ. यशवंत यांनी गावाबाहेर, हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात, रुग्णांसाठी दवाखाना उघडला. मुंढव्याच्या गायकवाड कुटुंबातील एक लहान मुलगा प्लेगने आजारी असल्याचे कळताच सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेतले आणि चालत दवाखान्यात आणले. त्या सेवेतच त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. शाळेत असताना ही गोष्ट आपण सर्वांनी ऐकलेली आहे.

मोठेपणी ही गोष्ट पुन्हा वाचताना मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. त्या मुलाच्या घरच्यांना कोणी "तुमचे उत्पन्न किती?" असे विचारले नाही. पण त्याचबरोबर हेही खरे, की जी सेवा एका माणसाच्या पाठीवर चालते ती त्या माणसाबरोबर संपते. शहराला रोजच्या रोज आजारी माणसे न्यायची असतील तर गाडी हवी, घोडा किंवा इंजिन हवे, रात्रपाळीला जागणारा माणूस हवा, आणि या सर्वांचा पगारपाणी करणारे कोणीतरी हवे.

योगायोग असा, की त्यानंतरच्याच वर्षी, म्हणजे १८९८ साली, डब्लिनच्या अग्निशमन दलाने घोड्याची ॲम्ब्युलन्स सुरू केली. कॅप्टन थॉमस पर्सेल तेव्हा दलाचे प्रमुख होते. आग विझवायला घोडे, माणसे आणि रात्रंदिवसाचा पहारा होताच. त्याच यंत्रणेवर ॲम्ब्युलन्स चालवणे सोपे आणि स्वस्त. ती व्यवस्था आजही टिकून आहे. डब्लिन परिसरात ९९९ किंवा ११२ ला फोन केल्यावर दारात कधी नॅशनल ॲम्ब्युलन्स सर्व्हिसची गाडी येते, तर कधी फायर ब्रिगेडची. आपल्याकडून नव्याने आलेली मंडळी "आग कुठे लागली?" म्हणून चकित होतात, त्याचे मूळ १८९८ मध्ये आहे. पुढे १९०३ साली डॉ. जॉन लम्सडेन यांनी गिनेसच्या कारखान्यात कामगारांना प्रथमोपचाराचे शिक्षण द्यायला सुरुवात केली. त्यातून सेंट जॉन ॲम्ब्युलन्स ही स्वयंसेवकांची संस्था आयर्लंडमध्ये रुजली.

काळी चिठ्ठी, लाल चिठ्ठी

सॅगर्टहून लुआसच्या लाल मार्गाने शहरात जाताना फातिमाच्या पुढे जेम्सेस हा थांबा लागतो. तिथले सेंट जेम्सेस हॉस्पिटल आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे. आपल्या काही भगिनी तिथे परिचारिका म्हणून काम करतात. या जागेवर १७०३ पासून शहराचे अनाथगृह-कामगृह होते आणि पुढे तिथेच साउथ डब्लिन युनियनचे वर्कहाउस झाले. १८३८ च्या कायद्याने आयर्लंडभर अशी वर्कहाउसे उभी राहिली. ज्याला खायला नाही त्याने घरदार सोडून आत यायचे, कुटुंबाची ताटातूट सोसायची, आणि मग अन्न मिळवायचे, असा तो कायदा. मदत इतकी अप्रिय करायची, की खरोखर नाइलाज झालेलाच माणूस ती मागेल, हे त्यामागचे तर्कशास्त्र होते.

बटाट्याच्या दुष्काळात लाखो माणसे गेल्यावर १८५१ मध्ये वैद्यकीय मदतीचा स्वतंत्र कायदा झाला. देशाचे सातशेहून अधिक विभाग पाडले गेले. प्रत्येक विभागाला एक दवाखाना आणि एक सरकारी डॉक्टर. गरिबांना औषधपाणी मोफत. कागदावर पाहिले तर त्या काळाच्या मानाने फार पुढची योजना. पण डॉक्टरकडे जाण्यापूर्वी चिठ्ठी आणावी लागे. दवाखान्यात जाऊन दाखवायचे असेल तर काळी चिठ्ठी, डॉक्टरांना घरी बोलवायचे असेल तर लाल चिठ्ठी. या चिठ्ठ्या देण्याचा अधिकार मदत अधिकाऱ्याकडे, समितीच्या सभासदांकडे आणि गावातल्या नेमलेल्या वॉर्डनकडे असे. हा वॉर्डन पुष्कळदा गावचा दुकानदार असायचा.

आता कल्पना करा. रात्री मुलाला ताप भरला आहे. डॉक्टर मैलभरावर आहेत. पण आधी दुकानदाराचे दार ठोठवायचे, त्याच्यापुढे आपली गरिबी मांडायची आणि लाल चिठ्ठी मागायची. त्याच्याकडची उधारी थकलेली असेल तर मागण्याचीही सोय नाही. आपल्या गिऱ्हाइकांना खुशाल चिठ्ठ्या वाटणारे वॉर्डन होते आणि खऱ्या गरजूला ताटकळत ठेवणारेही होते, अशा तक्रारी त्या काळात वारंवार होत राहिल्या. तेव्हा चिठ्ठीने गैरवापर थांबला असे म्हणता येत नाही. फक्त मदत कोणाला मिळायची हे ठरवण्याची सत्ता एका शेजाऱ्याच्या हातात गेली.

ही पद्धत किती काळ टिकली असेल? थेट १९७२ पर्यंत. १९७० च्या आरोग्य कायद्यानुसार त्या वर्षी दवाखान्याची जुनी पद्धत बंद झाली आणि मेडिकल कार्ड असलेल्या माणसाला आपला डॉक्टर आपण निवडण्याची मुभा मिळाली. गरीब आणि पैसेवाला रुग्ण एकाच डॉक्टरच्या एकाच बैठकीच्या खोलीत शेजारी बसू लागले. कोण कार्डावर आला आहे आणि कोण पैसे देऊन, हे शेजारच्याला कळण्याचे कारण उरले नाही. माझ्या मते त्या सुधारणेतला मोठा बदल हाच होता.

या प्रवासात १९५१ सालचा एक मुक्काम महत्त्वाचा आहे. तेव्हाचे आरोग्यमंत्री डॉ. नोएल ब्राउन यांनी माता आणि सोळा वर्षांपर्यंतची मुले यांना उत्पन्नाची कुठलीही चौकशी न करता मोफत उपचार देण्याची योजना मांडली. ब्राउन यांचे घर क्षयाने उद्ध्वस्त झालेले होते. आईवडील त्या रोगाने गेले आणि ते स्वतःही आजारी पडले होते. त्यांचा आग्रह एकाच मुद्द्यावर होता, तो म्हणजे "उत्पन्न विचारायचे नाही". डॉक्टरांच्या संघटनेने आणि कॅथॉलिक बिशपांनी योजनेला विरोध केला, मंत्रिमंडळाने पाठ फिरवली, आणि एप्रिल १९५१ मध्ये ब्राउन यांना राजीनामा द्यावा लागला. योजना तेव्हा बारगळली. पण आज इथे वास्तव्य असलेल्या प्रत्येक गरोदर स्त्रीला, तिच्या घरचा पगार कितीही असो, डॉक्टरांच्या ठरलेल्या भेटी आणि सार्वजनिक हॉस्पिटलमधले बाळंतपण मोफत मिळते. सिटीवेस्टमध्ये गेल्या काही वर्षांत जी बारशी झाली, त्यांतल्या बहुतेक घरांनी याचा लाभ घेतला असणार. ब्राउन यांचे नाव मात्र त्या बारशांना कोणी घेतले नसेल!

पिवळे, केशरी, पांढरे

आता घरी, महाराष्ट्रात येऊ. आयर्लंडमध्ये काळी आणि लाल चिठ्ठी होती, तशी आपल्याकडे १ मे १९९९ पासून तीन रंगांची शिधापत्रिका आली. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न पंधरा हजारांपर्यंत असेल तर पिवळे कार्ड, त्यावर एक लाखापर्यंत केशरी, आणि त्याहून अधिक असेल तर पांढरे. कार्ड धान्यासाठी होते, पण हळूहळू ते गरिबीचे ओळखपत्रच झाले. २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना (२०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाते) या रंगांवरच आधारलेली होती. पुढे ही योजना सर्वच शिधापत्रिकाधारकांना खुली करण्याचा निर्णय झाला. म्हणजे रंगाची अट शेवटी सरकारलाही नकोशी झाली.

धर्मादाय हॉस्पिटलांचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेल्या मोठ्या हॉस्पिटलांना सवलती मिळतात, मग त्यांनी गरिबांसाठी काय करायचे, हा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने आखून दिलेली योजना १ सप्टेंबर २००६ पासून लागू झाली. दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत, दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, आणि प्रत्येक बिलातल्या दोन टक्क्यांइतकी रक्कम निर्धन रुग्ण निधीत. त्या योजनेत आपल्या विषयाचे एक कलम आहे. तातडीच्या प्रसंगी अनामत न मागता रुग्णाला दाखल करून घ्यावे, प्रकृती स्थिर करावी, आणि गरज पडल्यास त्याला सरकारी हॉस्पिटलात नेण्याची वाहनव्यवस्थाही करून द्यावी. म्हणजे आधी जीव, नंतर कागद. हे कलम कागदावर उत्तम आहे. पण २०२५ साली पुण्यात एका गरोदर स्त्रीच्या मृत्यूनंतर अनामत रकमेचा हाच प्रश्न पुन्हा महाराष्ट्रभर गाजला, यावरून कागद आणि व्यवहार यांतले अंतर कळते.

मुळात अडचण वेळेची आहे. छातीत कळ येते रात्री दोन वाजता. तहसीलदार कचेरी उघडते सकाळी दहाला, आणि उत्पन्नाचा दाखला मिळतो काही दिवसांनी. ही मधली पोकळी महाराष्ट्रात भरून काढली ती मंडळांनी, देवस्थानांनी आणि राजकीय पक्षांनी. मुंबईत वाढलेल्यांना शिवसेनेच्या शाखेबाहेर उभी असलेली ॲम्ब्युलन्स आठवत असेल. पुण्यात दगडूशेठ हलवाई गणपतीच्या ट्रस्टतर्फे रुग्णवाहिका चालतात. नगरसेवकाचा हसरा फोटो रंगवलेली गाडी तर गावोगाव असते. बऱ्याचदा भाडे माफ असते आणि चालक म्हणतो, "डिझेलचं तेवढं बघा." या व्यवस्थेने असंख्य जीव वाचवले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तीत ओळख लागते. शाखेतला कोणीतरी माहितीचा असावा लागतो, आणि उपकाराची आठवण निवडणुकीपर्यंत ठेवावी लागते. आयर्लंडच्या दुकानदाराच्या लाल चिठ्ठीशी याचे नाते अगदी जवळचे आहे.

आणि डोंगरात हेही नाही. नंदुरबारच्या सातपुड्यात, गडचिरोलीच्या जंगलात आजही बांबूला झोळी बांधून आजारी माणसाला रस्त्यापर्यंत आणावे लागते. तिथे बिल कोण देणार हा प्रश्न गाडी येईल तेव्हाचा!

१२९८ ची युक्ती

२००५ साली मुंबईत काही तरुणांनी १२९८ या क्रमांकाची ॲम्ब्युलन्स सेवा सुरू केली. कंपनीचे नाव झिक्विट्झा हेल्थकेअर. त्या काळी मुंबईत ॲम्ब्युलन्स म्हणजे बहुधा मागे बाकडे टाकलेली गाडी. आत प्रशिक्षित माणूस नाही की प्राणवायू नाही. १२९८ ने सुसज्ज गाड्या आणल्या, २००७ मध्ये अक्युमन फंडाने तीत भांडवल घातले, आणि २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात या गाड्यांनी जखमींना वाहून नेले. पण मला आवडली ती त्यांची दर ठरवण्याची रीत.

चालकाने किंवा फोनवरच्या मुलीने रुग्णाचे उत्पन्न विचारायचे नाही. फक्त विचारायचे, "कुठल्या हॉस्पिटलात जायचे?" खाजगी हॉस्पिटल सांगितले तर पूर्ण दर. पालिकेचे किंवा सरकारी, म्हणजे केईएम, सायन, नायर, जे. जे. सांगितले तर निम्म्याच्या आसपास. रस्त्यावरचा अपघातग्रस्त, ज्याचे कोणी सोबत नाही, तो फुकट. खाजगी रुग्णांच्या पैशातून गरिबांची तूट भरून निघायची.

प्रयोगशाळेत द्रावण आम्लधर्मी आहे की नाही हे बघायला ते सगळे उकळून आटवावे लागत नाही. लिटमसचा कागद बुडवला की रंग सांगतो. १२९८ चा "कुठल्या हॉस्पिटलात?" हा प्रश्न म्हणजे लिटमसच होता. तो तसाही विचारावाच लागतो, त्याला दाखला लागत नाही, त्यात अपमान नाही, आणि रात्री दोन वाजता त्याचे उत्तर एका शब्दात देता येते.

अर्थात लिटमस फसतोही. चांगले डॉक्टर आहेत म्हणून केईएमला जाणारा सुखवस्तू माणूस सवलत घेऊन जाई, आणि जवळचे म्हणून खाजगी हॉस्पिटलात न्यावा लागलेला गरीब पूर्ण दराच्या खाली येई. शिवाय पूर्ण दर देणारे रुग्ण जितके, तितकीच सवलत शक्य. त्यामुळे ही रीत अख्ख्या राज्याला पुरणारी नव्हती, आणि कंपनीही पुढे राज्य सरकारांच्या कंत्राटांकडे वळली.

राज्याला पुरेल असे काम सरकारलाच करावे लागले. १ जून २०११ ला केंद्राचा जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम सुरू झाला आणि सरकारी दवाखान्यात बाळंत होणाऱ्या स्त्रीला घरून नेणे आणि परत घरी सोडणे मोफत झाले. २६ जानेवारी २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली: ९३७ गाड्या, त्यांतल्या २३३ अतिदक्षतेच्या सोयींनी सज्ज, आणि गाडीत डॉक्टर. १०८ ला कोणी कार्डाचा रंग विचारत नाही. गाडी उशिरा येते, डोंगरात येत नाही, या तक्रारी आहेत आणि त्या खऱ्या आहेत. पण "गरिबी सिद्ध करा" ही तक्रार नाही.

तरीही गाड्या कमी पडल्या की काय होते हे कोविडने दाखवले. काही किलोमीटरसाठी हजारो रुपये मागितल्याच्या बातम्या आल्यावर २०२० च्या जूनअखेरीस महाराष्ट्र शासनाने खाजगी ॲम्ब्युलन्स ताब्यात घेण्याचे आणि जिल्हावार दर ठरवण्याचे आदेश काढले, आणि ११ सप्टेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना वाजवी दर ठरवायला सांगितले.

इतर देशांचेही दोन शब्दांत सांगते. ब्रिटनमध्ये १९४८ ला राष्ट्रीय आरोग्य सेवा आली तेव्हा ॲम्ब्युलन्स मोफत झाली. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडने २००३ ते २०११ विजेच्या बिलावर छोटी आकारणी करून सर्वांचा खर्च भागवला. अमेरिकेत १ जानेवारी २०२२ पासून अनपेक्षित बिलांविरुद्ध कायदा लागू झाला. त्यात हवाई ॲम्ब्युलन्स आली, पण रस्त्यावरची राहून गेली. न्यू जर्सीत कोणी आप्त असेल तर त्यांना विचारा, ते याविषयी तासभर बोलतील.

आपल्या मंडळापुढचा प्रश्न

इथे मी मूळ मुद्द्यावर येते. मंडळाने आकस्मिक वैद्यकीय खर्चासाठी छोटा मदत निधी सुरू करावा, यावर कार्यकारिणीत दुमत नाही. मतभेद आहे तो अर्जावर. एक मत असे, की अर्जासोबत पगारपत्रक आणि तीन महिन्यांचे बँकेचे पत्रक घ्यावे, कारण सभासदांच्या वर्गणीचा पैसा आहे, हिशेब चोख हवा. या मताचा मला आदर आहे. खजिनदाराने असाच विचार करायला हवा. तरीही मला ते पटत नाही.

मंडळाच्या मदतीच्या फोनवर काम करताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. पैशांबद्दल विचारणारा जवळजवळ प्रत्येक जण "आमच्या ओळखीच्या एका कुटुंबासाठी विचारतो" असे म्हणतो. इतकी कुटुंबे ओळखीची असतील तर सिटीवेस्टमध्ये कोणी अनोळखी राहिलेच नाही! झाकली मूठ सव्वा लाखाची, ही आपली शिकवण. आपण परदेशात आलो म्हणजे आपले बरे चालले आहे, असा समज गावाकडे आहे आणि तो मोडायला जीव धजत नाही. पण घरभाडे काय आहे ते सर्वांना ठाऊक आहे. एकाची नोकरी गेली की परमिटची काळजी सुरू होते. शिकायला आलेली मुले आठवड्याच्या मोजक्या तासांच्या कमाईवर राहतात. आणि उन्हाळ्यात आईबाबा येतात, ते कधीकधी विम्याशिवाय.

एका घरी आलेल्या आजींच्या छातीत रात्री दुखू लागले. "गाडी बोलावू नका, हजारो लागतात म्हणे, सकाळी बघू," असे त्या म्हणत राहिल्या. ते हजारो अमेरिकेतल्या पुतण्याकडून ऐकलेले होते. सुदैवाने पित्तच निघाले. पण ते पित्त नसते तर?

तेव्हा बिल भरणे हा या निधीचा एक उपयोग झाला. फोन उचलताना हात अडखळू नये, हा दुसरा, आणि माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा. ज्या निधीकडे जायला बँकेचे पत्रक घेऊन ओळखीच्याच माणसापुढे उभे राहावे लागते, तो आपली लाल चिठ्ठी ठरेल. आणि आपला समाज लहान आहे. पत्रक पाहणारी व्यक्ती पुढच्या आठवड्यात हळदीकुंकवाला समोर बसणार आहे.

म्हणून माझी सूचना अशी. उत्पन्न विचारू नये, बिल विचारावे. हॉस्पिटलच्या नावाचे बिल हाच आपला लिटमस. रकमेला मर्यादा ठेवावी आणि पैसे थेट हॉस्पिटलला भरावेत. नाव फक्त दोन विश्वस्तांना माहीत असावे. वार्षिक अहवालात किती जणांना किती मदत झाली एवढेच छापावे. नंतर ज्याला जमेल त्याने जमेल तेवढे परत करावे, व्याज नाही, आठवण करून देणे नाही. पैसा कुठून आणायचा, याचेही जुने उदाहरण आहे. १८७३ साली लंडनमध्ये हॉस्पिटल सॅटर्डे फंड सुरू झाला. शनिवारी पगार व्हायचा, म्हणून कामगारांनी शनिवारी थोडी नाणी बाजूला काढायची. श्रीमंतांच्या देणगीची वाट न पाहता गरजूंनीच उभारलेली ती सोय होती. आपणही गणेशोत्सव आणि दिवाळीच्या प्रत्येक तिकिटातला एक युरो बाजूला काढला, तर जो पुढे मदत घेईल तो आधीचा वर्गणीदारच असेल. स्वतःच्याच भिशीतून उचल घेणाऱ्याला कोणी याचक म्हणत नाही.

गैरवापर होईल का? एखाददुसरा होईल. ज्याला परवडले असते अशा कोणाला तरी शंभर-दोनशे युरो जातील. मर्यादा असल्यामुळे त्याने निधी बुडणार नाही, आणि वर्षाअखेरीस आढावा घेऊन नियम बदलता येतील. उलट बाजूची चूक मात्र कुठल्याच आढाव्यात दिसत नाही, कारण ज्याने लाजेपोटी अर्जच केला नाही त्याची नोंद कुठे होणार? आयर्लंडच्या चिठ्ठ्यांचा हिशेब शंभराहून अधिक वर्षे ठेवला गेला. न मागितलेल्या चिठ्ठ्यांचा कोणी ठेवला नाही.

आपल्याच सिटीवेस्टचे उदाहरण ताजे आहे. २०२० मध्ये इथले हॉटेल कोविडच्या विलगीकरणासाठी घेतले गेले आणि २०२१ मध्ये शेजारच्या सभागृहात लसीकरण झाले. आपल्यापैकी कित्येकांनी तिथे रांगेत उभे राहून लस घेतली. पुढे कोण होते, मागे कोण होते, कोणाचा पगार किती, हे कोणी विचारले नाही आणि आपल्यालाही विचारावेसे वाटले नाही.

जाता जाता उपयोगाच्या चार गोष्टी, फ्रिजवर चिकटवून ठेवाव्यात अशा. एक, तातडीच्या वेळी ९९९ किंवा ११२. फोनवर कोणी आधी पैसे विचारत नाही. दोन, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय थेट इमर्जन्सी विभागात गेल्यास १०० युरो आकार आहे; मेडिकल कार्ड असेल, चिठ्ठी असेल किंवा तिथून दाखल करून घेतले गेले तर तो लागत नाही. सार्वजनिक हॉस्पिटलातला रोजचा ८० युरोचा आकार एप्रिल २०२३ पासून बंद झाला आहे. तीन, भेटीला आलेले आईबाबा इथले रहिवासी धरले जात नाहीत, त्यांना पूर्ण खर्च लागू शकतो. तिकीट काढतानाच त्यांचा विमा काढावा, तहान लागल्यावर विहीर खणू नये. चार, बिल जड वाटले तर ते ड्रॉवरमध्ये ठेवू नका. हॉस्पिटलच्या हिशेब विभागाला फोन करून अडचण सांगा, हप्ते मागा. उत्पन्न मर्यादेच्या वर असले तरी विशेष अडचण असल्यास मेडिकल कार्डासाठी अर्ज करता येतो.

अर्जाचा नमुना कसा असावा हे वार्षिक सभेत ठरणार आहे. ज्यांना माझे म्हणणे पटत नाही त्यांनी अवश्य यावे आणि बोलावे. ज्यांना पटते त्यांनी तर यावेच. चहा आणि बटाटेवडे मंडळातर्फे आहेत, त्यासाठी कोणताही दाखला लागत नाही.

कळावे, लोभ असावा.